परवान्याचं हत्यार जवळ बाळगणं आणि रायफलचं सामान निवडणं: तुमच्या सवयी सांगा

करवीरकर

नमस्कार मंडळी. आमचा हायवेला पेट्रोल पंप आहे. भरणा घेऊन बँकेत जायचं म्हणून वडिलांच्या काळापासून घरात ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर आहे. आता परवाना माझ्या नावावर झालाय. दुसरीकडे मुलगी दुधाळीच्या रेंजवर दहा मीटर एअर रायफल मारते. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यामुळे कोल्हापूरला नेमबाजी नवी नाही, पण २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकल्यापासून रेंजवर पोरांची रीघ लागली आहे. क्लबच्या रायफलवर तिचं बरं चाललंय, आता स्वतःचं सामान हवं म्हणते.

दोन्ही विषय एकाच धाग्यात घेतोय, कारण आमच्या घरात ते एकाच छताखाली आहेत. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ ढिगानं सापडतात. पण तिथला कायदा वेगळा आणि हवाही वेगळी, आपल्याकडच्या चिकचिकाटात त्यातलं निम्मं लागू पडत नाही.

माझी पद्धत अशी. कपाटाच्या खोलीत कोपऱ्यात वाळू भरलेलं एक छोटं पिंप ठेवलंय. भरायचं असो की रिकामं करायचं, नळी त्या पिंपात रोखूनच. सिलिंडर उघडला की काडतुसांची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि करंगळीनं चाचपायची. भरलं की थेट होल्स्टरमध्ये, आणि मग पंपावर परत येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कुणी ‘दाखव की जरा’ म्हटलं तर सरळ नाही म्हणतो, भले पाहुणा रागावू दे. दारूचा घोट ज्या दिवशी घ्यायचा त्या दिवशी हत्यार कपाटात.

विचारायचं हे की ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हापासून घरचे घाबरलेत. हातातून निसटून गोळी कशी सुटते? होल्स्टर कुठलं घ्यावं? आणि मुलीसाठी आधी काय घ्यावं, नंतर काय?

जुना आर्मरर

करवीरकर, वाळूचं पिंप वाचून बरं वाटलं. पोलीस मुख्यालयांत आणि छावण्यांत हत्यार रिकामं करायची जागा ठरलेली असते. घरात ती कुणी करत नाही, आणि गोळी चुकून सुटते ती बहुतेक वेळा घरातच, भरताना, पुसताना किंवा ठेवताना.

पडून गोळी सुटण्याचं कारण सांगतो. जुन्या रचनेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागून ठोका देणारा भाग, खाली असला की त्याचं टोक काडतुसाच्या बुडाला जवळजवळ टेकलेलं असतं. हत्यार घोड्यावर आपटलं की तो धक्का थेट कॅपवर, म्हणजे बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीवर, बसतो. नंतरच्या रचनांमध्ये घोडा आणि काडतूस यांच्या मध्ये एक पट्टी येते, किंवा ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय ठोका पोचतच नाही. तुमच्या हत्यारात काय आहे ते परवानाधारक गनस्मिथकडून उघडून बघून घ्या, अंदाजावर जाऊ नका. तशी पट्टी नसेल तर उपाय जुनाच आहे. सहा घरांपैकी पाचच भरायची आणि घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं. एक काडतूस कमी पडेल अशी वेळ भरणा नेणाऱ्या माणसावर क्वचित येते. हत्यार हातातून निसटण्याची वेळ मात्र कुणावरही येते. आणि निसटलंच तर ते झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं ट्रिगरमध्ये जातं. पडू द्या, मग उचला.

होल्स्टरकडे बघताना तीन गोष्टी बघतो. ट्रिगरचा सगळा भाग झाकला पाहिजे, हत्यार काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, आणि पट्ट्यावर ते हलता कामा नये. बाजारात मिळतात ती मऊ चामड्याची. हत्यार काढलं की त्यांचं तोंड मिटतं आणि परत घालताना चामड्याची घडी ट्रिगरपाशी दुमडून आत जाते. लोक दुसऱ्या हातानं तोंड उघडून धरतात, म्हणजे स्वतःचाच हात नळीसमोर. जाड चामड्याचं, तोंडाशी पट्टी शिवून कडक केलेलं होल्स्टर चांभाराकडून करून घ्या. त्याला नमुना म्हणून लाकडी ठोकळा द्या, हत्यार देऊ नका. कमरेचा पट्टाही जाड हवा. पातळ पट्ट्यावर अर्धा-पाऊण किलोचं ओझं लोंबकळायला लागतं, मग माणूस दिवसभर सदऱ्यावरून त्याला सावरत राहतो. सावरणारा हात बघून बघणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी आहे.

आता घामाचं. चामडं घाम धरून ठेवतं, घामात मीठ असतं. रात्री हत्यार होल्स्टरमध्येच ठेवून कपाट लावलं की चार-सहा पावसाळी दिवसांत नळीच्या कडेला तांबूस ठिपके दिसतात. म्हणून घरी आलं की बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसायचं, मग तेलाचा अगदी पातळ हात. तेल जास्त झालं तर ते काडतुसाच्या कॅपमध्ये उतरतं आणि ऐन वेळी ठोका फुसका जातो. चामड्याच्या कप्प्यांच्या पट्ट्यात काडतुसं महिनोन्महिने ठेवू नका, पितळ कळकतं आणि त्या हिरव्या थरामुळे काडतूस सिलिंडरच्या घरात अडकतं. खडकीच्या कारखान्याचं काडतूस चांगलं असतं, पण तेही कोरडं ठेवलं तर. अंगावर वागवलेली काडतुसं वर्षा-दोन वर्षांनी रेंजवर मारून संपवा आणि नवी भरा. हातालाही सराव होतो.

काळा कोट

कायद्याचं थोडं. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि सध्याचे नियम २०१६ चे. नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये आणि लांब नळीचं हत्यार त्याच्या कव्हरमध्ये हवं, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात. कमरेला उघडं मिरवणं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं, यात परवाना जाऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. लग्नात, मिरवणुकीत जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरतं असेल तर कोल्हापूरकरानं निपाणीला जातानाही ते घरी ठेवावं. आपल्याकडे सीमा इतकी जवळ आहे की लोकांच्या लक्षातच राहत नाही.

आणि स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी तो दंड संहितेत ९६ ते १०६ होता. बचावाला लागेल तेवढंच बळ, हा त्याचा गाभा. चोर पळायला लागला की गोळी घालायचा तुमचा हक्कही सहसा संपला. पैशाची पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालून ‘स्वसंरक्षण’ म्हणता येत नाही, हे पंपवाल्यांनी आणि सराफांनी फार नीट समजून घ्यायला हवं. माझ्याकडे येणारे अशील हे ऐकून चकित होतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सांजवेळ

मला हे सगळं वाचून भीती वाटते. घरात लहान मुलं असतील तर हत्यार ठेवूच नये असं माझं प्रामाणिक मत आहे. भरणा न्यायला रोकड वाहून नेणाऱ्या कंपन्या आहेत, यूपीआय आहे. माझ्या माहेरी शेजारच्या घरात खेळता खेळता झालेला अपघात मी पाहिलाय, त्यापुढे कुठलीच गरज मोठी वाटत नाही.

जुना आर्मरर

सांजवेळ ताई, तुमचं म्हणणं पटतं. ज्याला कुलूपबंद कपाट आणि रोजची शिस्त जमणार नाही त्यानं परवाना मागूच नये, आणि असलेला परत करावा. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि किल्ली देव्हाऱ्यात किंवा फ्रीजवर नाही. मुलांना ती जागा आपल्याआधी माहीत असते.

तळकोकणी

आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुका आहेत. माकडं आणि डुकरं भात नि केळी ठेवत नाहीत. त्या बंदुकीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे बार काढून नुसतं तेल लावून ठेवलं तर तेलाखाली गंज नळी खातो. ती राख पाण्यानंच सुटते. आमचे आजे कडकडीत पाणी नळीतून ओतायचे, काळं पाणी निवळेपर्यंत. गरम पाण्यामुळे लोखंड तापतं आणि आपोआप सुकतं, मग कोरडा बोळा, मग खोबरेल. आता खोबरेलाऐवजी मशीनचं तेल वापरतो, एवढाच फरक.

बांधावरून चालताना कॅप, म्हणजे घोड्याखालची ठिणगीची टोपी, बसवायची नाही. खिशात वेगळ्या डबीत ठेवायची आणि मचाणावर बसल्यावरच लावायची. काजूच्या बागेत घोडा कुठल्या फांदीत अडकेल सांगता येत नाही. दोघं असाल तर दोघांच्या जागा उजेडात ठरवा आणि बार काढेपर्यंत हलू नका. रानात सळसळ ऐकून झाडलेली गोळी माणसाला लागल्याच्या बातम्या आमच्याकडे दर काही वर्षांनी येतात. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, १९७२ पासून वन्यजीवांचा कायदा आहे. रानडुकरासाठीसुद्धा आधी वनखात्याची परवानगी. बहुतेक वेळा आकाशात काढलेल्या नुसत्या दारूच्या बारानं काम भागतं.

नेमबाज ताई

करवीरकर दादा, मुलीचं वय, उंची लिहिली नाहीत, तरी सांगते. मी मुलांना शिकवते, आणि पालक दुकानात जाऊन आधी रायफल विचारतात याचं मला वाईट वाटतं. जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते. आधी जॅकेट आणि बूट घ्या, क्लबच्या रायफलवरही त्यांचा उपयोग होतो.

दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. उभ्यानं साठ गोळ्या मारायच्या, आणि उभ्याच्या पोझिशनमध्ये स्लिंग, म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा, चालत नाही. म्हणजे रायफलचं वजन हाडांवर टेकवून उभं राहावं लागतं, स्नायूंनी धरलं तर विसाव्या गोळीपासून थरथर सुरू होते. जॅकेट त्या टेकवण्याला आधार देतं. त्याच्या जाडीवर आणि कडकपणावर नियम आहेत, स्पर्धेला तपासणीत मोजतात, म्हणून फार स्वस्तातलं किंवा शिंप्याकडून शिवलेलं नको. वाढत्या वयाच्या मुलीला बटणं सरकवता येतील असं घ्या. पँट नंतर घेतली तरी चालते.

त्यानंतर नजर. आपल्या खेळात दुर्बीण चालत नाही. मागे डायऑप्टरचं बारीक छिद्र आणि पुढे नळीच्या टोकाला रिंग. या रिंगमधून टार्गेटचं काळं वर्तुळ दिसतं आणि भोवती पांढरी कड राहते. नवी मुलं अगदी घट्ट रिंग लावतात, कारण नेम अचूक वाटतो. पण पांढरी कड बारीक झाली की डोळ्याला काळं आणि रिंग वेगळी ओळखता येत नाहीत, मूल नेमात अडकतं, गोळी सोडायला उशीर होतो, आणि उशिरा सुटलेली गोळी बाहेर जाते. एक माप मोठी रिंग लावा. माझ्या अनुभवात याच एका बदलानं मुलांची घाई आणि अडखळणं दोन्ही कमी होतं. मागचं छिद्र कमी-जास्त करता येणारी आयरिस मिळते. आपल्याकडे कुठल्या रेंजवर लख्ख उजेड तर कुठे अंधुक ट्यूबलाइट, म्हणून आयरिसचे पैसे वसूल होतात. दुसऱ्या डोळ्यापुढे लावायची पट्टी तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा मिटायची सवय मात्र लावू नका, दोन्ही डोळे उघडे राहू देत.

रायफल घेताना ब्रँडपेक्षा ती तिच्या अंगाला किती जुळवता येते ते बघा. खांद्याला टेकणारी बट प्लेट वर-खाली होते का, गालाखालची फळी पुरेशी उचलते का, लांबी कमी होते का. गाल टेकवला की मान न वाकवता डोळा आपसूक छिद्रामागे आला पाहिजे. हे जुळलं तर ठाणे जिल्ह्यात बनणारी भारतीय रायफलही सुरुवातीला पुरते. वजन साडेपाच किलोच्या वर चालत नाही, पण लहान मुलीला तेवढंही नकोच. नळीला जादा वजनं लावायची हौस मोठ्यांना बघून येते, ती वर्षभर लांब ठेवा.

जुनी रायफल घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. २०० बारचा दाब असतो त्यात, आणि दहा वर्षांपुढचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. गोळ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे गोळीच्या जाडीचे मिलिमीटरमधले आकडे असतात. कुठला आकडा त्या नळीला मानवतो ते रायफल पक्की बांधून मारून बघतात, आणि ज्या डब्याच्या गोळ्या एकमेकींच्या सगळ्यात जवळ लागतील त्याच बॅचचे डबे भरून ठेवतात. नळी रिकामी आहे हे दाखवणारा भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग नळीत कायम. नुसती एअर रायफल असली तरी घरात कुणाकडे रोखायची नाही, हा नियम तुम्ही घरात पाळताच.

हवाबंदूकवाला

ताईंची मॅच रायफल वेगळी, पण आमच्यासारखे हौशी लोक नळी खाली दुमडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुका वापरतात. ४.५ मिलिमीटर आणि वीस ज्यूलपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र घेतो. यावर दुर्बीण बसवणाऱ्यांना एक सांगतो. स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. मोठ्या रायफलची भारी दुर्बीण मागचा धक्का सोसते, पण पुढच्या झटक्यानं तिची आतली नेमाच्या क्रॉसची तार निखळते. एअरगनसाठी म्हणून सांगितलेलीच घ्या आणि ती मागे सरकू न देणारा स्टॉपर लावा. शिवाय साध्या दुर्बिणीचा फोकस शंभर यार्डावर बांधलेला असतो, त्यामुळे दहा-पंधरा मीटरवर डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवरून सरकतो. पुढचं भिंग फिरवून जवळचं अंतर लावता येतं का ते दुकानातच बघा.

३१५ बोरच्या रायफलला दुर्बीण बसते का असं मला काही जणांनी विचारलं होतं. ती ली-एनफिल्डच्या घडणीची आहे, वर माउंट बसवायला भोकं पाडावी लागतात. ते काम परवान्याच्या गनस्मिथशिवाय कुणाकडूनही करून घेऊ नका. सायलेन्सर तर आपल्याकडे बंदच आहे, ऑनलाइन दिसला तरी मागवायचा नाही.

डॅलसकर

टेक्सासहून. इथे २०२१ च्या सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी मी परवाना काढलाय, कारण इतर राज्यांत तो चालतो आणि त्या निमित्तानं शिक्षण होतं. इथल्या मराठी मुलांसाठी मुद्दाम लिहितो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्यानं बंदूक ताब्यात ठेवणं सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते. ग्रीन कार्डवाल्यांना ती अडचण नाही. राज्याचा कायदा सैल आहे म्हणून दुकानात जाऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. यात अख्खा मुक्काम पणाला लागतो.

सामानाबद्दल माझं मत नेमबाज ताईंसारखंच आहे. एआर रायफलवर, म्हणजे इथल्या लोकप्रिय अर्धस्वयंचलित रायफलवर, लोक टॉर्च, लेझर, पुढची मूठ, दोन-दोन साइट्स लादतात, मग सात पौंडांची रायफल दहाची होते आणि रेंजवर अर्ध्या तासात खांदा भरून येतो. मी एक चांगली स्लिंग आणि एक रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, एवढंच ठेवलंय. उरलेले पैसे गोळ्यांना आणि शिकवणीला.

करवीरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. गनस्मिथला दाखवलं. पट्टी नाही, तेव्हा आता पाचच काडतुसं. होल्स्टरचं तोंड कडक करायला टाकलंय.

एक अडचण राहिली. निवडणुकीत हत्यार जमा करावं लागतं. मागच्या वेळी परत मिळालं तेव्हा नळीवर गंज आणि मुठीला चीर. तक्रार कुणाकडे करायची तेच कळेना. आणि मुलीच्या स्पर्धा आचारसंहितेत आल्या तर तिचं काय?

काळा कोट

जमा करायला जाताना आत-बाहेर जाडसर तेल लावा, होल्स्टरशिवाय प्लास्टिकच्या पिशवीत द्या, चारही बाजूंनी फोटो काढा आणि पावतीवर नंबरासोबत ‘स्थिती चांगली’ असं लिहून घ्या. परत घेताना तिथेच उघडून बघा, बाहेर पडल्यावर कुणी ऐकत नाही. खरं तर सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायची नसतात, जिल्ह्याची छाननी समिती असते. भरण्याचं कारण आणि कागद जोडून वेळेत अर्ज करा. मुलीची परवान्याविना चालणारी एअर रायफल असेल तर जमा करायचा प्रश्न सहसा येत नाही. पुढे .२२ बोरच्या रायफलवर गेली तर रायफल संघटनेचं सदस्यत्व आणि स्पर्धेचं पत्र जवळ ठेवा, खेळाडूंना सूट मिळते.

नेमबाज ताई

प्रवासाचंही त्यातच सांगते. रेल्वेत रायफल कुलपाच्या पेटीत, वरच्या बर्थवर, आणि पत्राची प्रत पेटीत एक नि खिशात एक. विमानाला सिलिंडर पूर्ण रिकामा करून लागतो, तिकीट काढतानाच कंपनीला फोन करून विचारा, काउंटरवर वाद घालून स्पर्धेच्या आदल्या दिवशी पोरीचं डोकं तापवू नका.

जॅकेट घ्यायला जाल तेव्हा रेंजवर आत जो स्वेटशर्ट घालते तो घालूनच माप द्या, आणि दोन्ही हात पोझिशनमध्ये धरून खांद्यावर चुणी पडते का बघा. रिंगांचा अख्खा संच विकत घेण्याआधी माझ्याकडच्या लावून बघायला हरकत नाही. रविवारी सकाळी आठला मी दुधाळीलाच असते, तिला घेऊन या.